चाकावरची काळी पट्टी

आमच्या नांदगाव खंडेश्वरहून अमरावती पस्तीसेक किलोमीटर. बडनेऱ्याकडून येणारा डांबरी रस्ता गावातून पुढं नेर, यवतमाळकडे जातो. तालुक्यातल्याच शिवणीला समृद्धी महामार्गावर चढता-उतरता येतं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून नागपूरला सकाळी जाऊन दुपारी परत येणारे लोक गावात दिसायला लागले. पण वावरात जायचं तर पांदणच. म्हणजे एकच गाडी, एकाच दिवशी, समृद्धीवर १२० नं पळते आणि पांदणीत पहिल्या गिअरमध्ये पोट घासत चालते. या दोन्हींमध्ये सगळ्यात आधी मार खाते ती चाकाच्या कमानीवरची काळी प्लास्टिकची पट्टी. दुकानदार तिला क्लॅडिंग म्हणतात. २०१६ ची विटारा ब्रेझा, २०१७ ची नेक्सॉन, या गाड्या आल्या आणि गल्लीगल्लीत काळ्या काठाच्या गाड्या झाल्या. ही पट्टी शोभेसाठी नाही, पत्र्याऐवजी खरचटून घ्यायला लावलेली आहे, हे पांदणीत कळतं.

आमच्या गाडीची मागच्या डाव्या चाकावरची पट्टी कापसाच्या हंगामात गेली. समोरून भरलेला ट्रॅक्टर आला. भरल्या गाडीला बाजू द्यायची ही पांदणीची रीत. काठावरच्या बाभळीच्या खुंटानं पट्टीत शिरून ती अर्धी उचकटली. ती बदलली, मग भावकीतल्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्या अंगणात यायला लागल्या. कोणाची दाराची बीडिंग, कोणाची वायपरखालची जाळी. त्यातून जे शिकलो ते लिहून ठेवतो.

१. पहिला पाना लावायच्या आधी विम्याचा कागद वाचा.

बहुतेक लोक म्हणतात, विमा भरतो ना, मग क्लेम टाकू. साध्या पॅकेज पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १००० रुपयांची वजावट. शून्य घसाऱ्याची पुरवणी घेतली असेल तर ५० टक्के वाचतील, पण वजावट कापलीच जाते. आणि खरा फटका वेगळाच: वर्षभर क्लेम न केल्याचा बोनस २० टक्क्यांपासून चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, तो एका छोट्या क्लेमनं शून्यावर येतो. एका पट्टीसाठी पाच वर्षांची ती चढण कोणी वाया घालवू नये. दार चेपलं, दिवा फुटला, बंपर गेला, असं सगळं एकत्र असेल तर गोष्ट वेगळी.

२. तुटलेली पट्टी चिकटवायच्या भानगडीत पडायच्या आधी तिची पाठ बघा.

पाठीवर उलट-सुलट बाणांच्या कंसात बारीक अक्षरं उठवलेली असतात. बहुधा ‘पीपी’, त्यापुढं ‘ईपीडीएम’ आणि ‘टीडी २०’ असं काहीतरी. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर, आणि टीडी २० म्हणजे २० टक्के शंखजिऱ्याची पूड. ही अक्षरं भंगारातलं प्लास्टिक वेगळं काढता यावं म्हणून असतात, पण आपल्याही कामाची आहेत. पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागावर गोंद पसरतच नाही, थेंब होऊन बसतो. म्हणून फेविक्विक लावा की एम-सील, दुसऱ्या दिवशी सगळं पापुद्र्यासारखं निघून येतं. यात गोंदाचा दोष नाही; प्लास्टिकची जातच तशी आहे. तिथं ‘एबीएस’ लिहिलेलं असेल तर गोंद धरतो.

पीपीला उष्णता चालते. साधारण १६० अंशांना ते वितळतं, म्हणून सोल्डरिंगची लोखंडी कांडी आणि त्याच जातीच्या जुन्या प्लास्टिकची काडी घेऊन मागच्या बाजूनं भेग सांधता येते. पट्टीच्या मधोमध चीर असेल तर हे करून बघावं. पण जिथं क्लिप बसते ते लॉकच तुटलं असेल तर सांधलेलं लॉक ताण सोसत नाही. तेव्हा पट्टी नवीनच आणावी.

३. पार्ट मागवताना गाडीचं नाव सांगून भागत नाही.

एकाच नावाच्या गाडीचे दोन-तीन अवतार झालेले असतात आणि पट्टीचा घेर प्रत्येक अवतारात थोडा बदलतो. आरसीवरचा १७ अक्षरांचा चेसिस नंबर दुकानदाराला द्या, तो त्यावरून नेमका पार्ट नंबर काढतो. डावं-उजवं हे नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून धरायचं. गाडीच्या समोर उभं राहून ‘डावी’ म्हणाल तर उजवी येईल. आमच्याकडे म्हणूनच ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड म्हणतात. त्यात घोळ होत नाही.

आणि क्लिपा वेगळ्या मागा. पट्टीच्या पुडक्यात त्या असतीलच असं नाही. पट्टी हजाराच्या घरात आणि क्लिप दहा-वीस रुपयांची, त्यामुळं गिऱ्हाईक क्लिपेचं नाव काढत नाही आणि दुकानदारही आठवण करत नाही. जुन्या क्लिपांतल्या निम्म्या काढताना मोडतात. नांदगावात त्या मिळत नाहीत. मग एवढ्याशा प्लास्टिकसाठी पुन्हा अमरावती. लागतील त्यापेक्षा चार-पाच जास्तच घ्या.

अमरावतीचा दुकानदार ओळखीचा असला तर सामान काळीपिवळीवाल्याकडं देतो, आपण स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचं. फक्त बजावून सांगा की पट्टी दुमडून सुतळीनं बांधू नका. कमान एकदा उन्हात टपावर वाकून आली तर ती गाडीवर बसवताना शेवटपर्यंत भांडते.

४. आधी धुवा, आणि मागून धुवा.

कोकणातल्या लाल मातीवाल्यांना हे कळणार नाही. आमची काळी माती ओली असताना चाकाला पुरणासारखी गुंडाळते आणि वाळली की सिमेंट होते. चाकाच्या खळग्यात, पट्टीच्या आतल्या कडेला, क्लिपेच्या प्रत्येक पाकळीत ती जाऊन बसते. क्लिप अशी मातीत गच्च असली की तिच्या पाकळ्या मिटत नाहीत, आणि मिटल्या नाहीत तर ती निघत नाही, तुटते. आदल्या संध्याकाळी कमानीच्या आत पाइपानं पाणी मुरवायचं, सकाळी पुन्हा मारायचं, जुन्या दात घासायच्या ब्रशानं क्लिपांची डोकी मोकळी करायची. दाबानं पाणी मारणारं वॉशिंग सेंटर असेल तर तिथून आणा, पण ‘आतून मारा’ म्हणून उभं राहून सांगा. ते बाहेरून चकचकीत करून देतात.

५. धरलंय कशानं, हे शोधणं म्हणजे निम्मं काम.

गाड्यांच्या बाहेरच्या पट्ट्या तीन गोष्टींनी धरलेल्या असतात: स्क्रू, क्लिप आणि दोन्हीकडून चिकटणारी टेप. बऱ्याचदा तिन्ही एकाच पट्टीत. बाहेरून एकही दिसत नाही. स्क्रू खालच्या टोकाला आणि चाकाच्या खळग्यातल्या काळ्या अस्तराच्या कडेला लपलेले असतात. तिथं झोपून, बॅटरी तोंडात धरून बघावं लागतं. पुढच्या चाकाचं काम असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, हात घालायला भरपूर जागा होते, चाक काढायची गरज पडत नाही. मागच्या चाकाला ही सोय नाही. जॅक लावलाच तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, खाली स्टँड ठेवा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालू नका.

क्लिपांच्याही जाती आहेत. एकीच्या मधोमध खिळी असते: काही ठिकाणी ती वर उचलायची, काही ठिकाणी आत दाबायची, आणि काहींना स्क्रूसारख्या आट्या असतात. वर उचलायचीला आत दाबलं की ती कायमची जाते. दुसरी जात बाहेरून दिसतच नाही. पट्टीच्या पाठीला अडकून थेट पत्र्याच्या भोकात घुसलेली असते, दोन्ही बाजूंना मागे वळलेल्या पाकळ्या. ही सरळ बाहेर ओढली तरच येते. तिरपी ओढली की तिची मान पत्र्यात आणि डोकं तुमच्या हातात. काही क्लिपांच्या मानेखाली रबराची चकती असते. ती पाणी आत जाऊ नये म्हणून आहे. नवीन क्लिपेला चकती नसेल तर जुनीची काढून घाला, नाहीतर दाराच्या आत पावसाळाभर पाणी झिरपतं.

मी काय करतो, तर नवीन पट्टी पालथी करून गाडीशेजारी जमिनीवर ठेवतो. नवीच्या पाठीवर क्लिपांच्या सगळ्या जागा दिसतात. तेवढं अंतर मोजून गाडीवरच्या जुन्या पट्टीवर खडूनं खुणा करायच्या. मग आंधळ्यासारखं कुठंही उचकटावं लागत नाही, खुणेजवळच हत्यार घालायचं.

६. लोखंड दूर ठेवा.

पेचकस कितीही फडक्यात गुंडाळला तरी रंगावर ओरखडा उमटतोच, आणि तो पट्टीखाली नेमका अर्धा दिसेल असा उमटतो. प्लास्टिकची उचकण्याची हत्यारं ऑनलाइन मिळतात. ती नव्हती तेव्हा मी बांबूची कामटी तासून पातळ धार काढली होती; अजूनही लांब जागेला तीच बरी वाटते. नॉनस्टिक तव्याचं नायलॉनचं उलथणंही फार उत्तम चालतं. घरात मात्र त्यावरून, ‘तुमी माह्यं उलथनं गाडीले लावलं का?’ असं विचारलं गेलं. तेव्हापासून आमच्या घरात गाडीचं उलथणं वेगळं आहे.

७. उतरवताना ऊन, चिकटवताना सावली.

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सकाळी चांगलाच गारठा असतो आणि त्या वेळी क्लिपा काचेसारख्या तडकतात. गाडीची ती बाजू उन्हाकडं करून तासभर सोडली की प्लास्टिक नरम पडतं आणि क्लिपा लवचिक होऊन निघतात. टेपनं धरलेली बीडिंग असेल तर केस वाळवायचं यंत्र कडेकडेनं फिरवा, मग मासे धरायची नायलॉन दोरी मागून घालून करवतीसारखी ओढा. बीडिंग नुसती हातानं ओढून काढू नका. जुन्या गाडीवर पुन्हा रंग दिलेला असेल तर टेपेबरोबर रंगाचा पापुद्रा येतो.

८. पट्टी निघाली की लगेच नवी लावायची घाई नको.

तिच्या मागे काय साठलंय ते आधी बघा. वर्षानुवर्षांची माती, गवताचं बी, एकदा तर पाठीला गांधीलमाशीचं घर निघालं. त्या ओलाव्याखाली पत्र्याच्या भोकांच्या कडा गंजायला लागलेल्या असतात, कारण क्लिप घुसताना तिथला रंग आधीच खरवडलेला असतो. पॉलिश पेपरनं गंज घासून, पुसून, प्रायमरचा हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. गाडीचा रंग वर लावला नाही तरी चालतं; तो दिसणार नाही. प्रायमर मात्र चुकवू नका.

९. एक भोक गोल असतं, बाकीची लांबट.

हे मला कोणी सांगितलं नाही, पट्टी पालथी करून बघता बघता दिसलं, आणि मग सगळ्या गाड्यांत बघत गेलो. पट्टीच्या पाठीवरच्या क्लिपांच्या खाचांत एखादीच नेमकी, घट्ट बसणारी. बाकीच्या आडव्या लांबट, क्लिप त्यात दोन-तीन मिलिमीटर मागंपुढं सरकेल अशा. असं का, तर प्लास्टिक तापलं की पत्र्याच्या कितीतरी पट जास्त लांबतं. मीटरभराच्या पट्टीचा हिशेब करा: जानेवारीची थंड सकाळ आणि मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी, यांत पत्र्याच्या तापमानाचा फरक सहज ४० अंशांच्या वर. तेवढ्यात प्लास्टिक तीनेक मिलिमीटर वाढतं, लोखंड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. लांबट खाचा ही वाढ पोटात घेतात. घट्ट खाच पट्टीला जागेवर धरून ठेवते, बाकी सगळी पट्टी तिच्यापासून दोन्हीकडं मोकळी सरकते.

म्हणून बसवताना सुरुवात त्या घट्ट खाचेपासून करायची. ती क्लिप आधी भोकात, मग तिच्या दोन्ही बाजूंनी एकेक करत टोकाकडं. तळव्यानं दाबा, ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर जोर वाढवू नका, भोकाकडं बघा. पाकळी कडेवर अडकलेली असते. स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि प्लास्टिकवरचा स्क्रू हातानंच, बसला की थांबायचं.

या लांबट खाचांमुळेच दुसरा एक सल्ला मी कधी ऐकत नाही. अंगणात काम चाललं की कोणीतरी फाटकाशी थांबतंच. ‘काहून भाऊ, थ्या पट्टीपायी येवढा कुटाना करून रायला? दोन इस्क्रू मार, झालं!’ गावात तसे स्क्रू मारलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात. दोन टोकांना स्क्रू मारून पट्टी जखडली की मे महिन्यात तिला वाढायला जागा राहत नाही; ती मधे फुगून बाहेर येते आणि पुढच्या थंडीत स्क्रूपाशी तडकते. स्क्रूनं पाडलेलं नवीन भोक गंजतं ते वेगळं. आणि मागच्या चाकाच्या खळग्यामागून कितीतरी गाड्यांत टाकीचा भरणा पाइप जातो. तिकडं ड्रिल चालवणाऱ्या माणसाला तो पाइप दिसत नसतो.

१०. टेपेचं काम हे सफाईचं काम आहे.

दुकानात लाल कागदाची करडी टेप मागा, राखाडी फोमची. ती बनवणारे सांगतात की लावताना पृष्ठभाग साधारण २१ ते ३८ अंशांत असावा. आपल्याकडं मे महिन्यात हे जमायला पहाटच गाठावी लागते, आणि थंडीत उलट दहा वाजेपर्यंत थांबावं लागतं. पत्रा पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं. कोरोनापासून घराघरांत सॅनिटायझरच्या बाटल्या पडल्या आहेत, त्या वापरायचा मोह होतो. पण त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घालतात, त्याचा थर राहतो आणि टेप धरत नाही. टायर चमकवायच्या पॉलिशचं तसंच. गाडीला ते नेहमी फासत असाल तर टेपेच्या जागेवरून दोनदा-तीनदा पुसून काढा.

टेप एकदा टेकली की पुन्हा उचलून नीट करता येत नाही. म्हणून आधी मास्किंग टेपेची सरळ रेघ आखून घ्या आणि लाल कागद टोकाशी थोडाच सोलून, पट्टी रेघेला लावून, मग उरलेला ओढत जा. वीस मिनिटांत निम्मा जोर येतो, २४ तासांत ९० टक्के, पूर्ण यायला ७२ तास. तोवर वॉशिंग नाही, आणि समृद्धी तर नाहीच. १२० च्या वेगाला सुटू लागलेल्या कडेत वारा शिरला की ती पट्टी मागच्या गाडीच्या काचेवर जाते.

११. नवी पट्टी काळी, बाकीच्या करड्या.

हे होणारच. आमचं ऊन काळ्या प्लास्टिकला चार-पाच वर्षांत करडं करतं. त्यावर डिझेलचा हात मारायची आपल्याकडं पद्धत आहे. दोन दिवस गाडी नवी दिसते, तिसऱ्या दिवशी त्या तेलकटावर पांदणीची सगळी धूळ बसते, आणि जवळचं रबर डिझेलनं फुगतं ते निराळंच. प्लास्टिकसाठीची पॉलिश लावा किंवा राहू द्या. पांदणीतून एकदा गेलं की सगळ्या पट्ट्या एकाच रंगाच्या होतात.

१२. बंपर अंगणात उतरवायचा नाही.

म्हणजे माझा नियम. पट्ट्या, बीडिंग, जाळ्या मी कितीही करीन. पण बंपरच्या मागं धुक्याच्या दिव्यांच्या, पार्किंग सेन्सरच्या वायरी असतात, आणि पुढच्या भागात एअरबॅगला धडक कळवणारा सेन्सर असतो. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला की तो एअरबॅगचा समजायचा आणि हात मागं घ्यायचा. शिवाय आता नंबरप्लेटची गोष्ट आहे. नवीन गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून उच्च सुरक्षा पाटी आली, आता महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही सक्तीची आहे. तिचे स्नॅप लॉक एकदाच बसतात. पाटी काढायची तर ते तोडावेच लागतात, आणि नवे लॉक बाजारात सुटे विकत घेऊन घरी ठोकायचे नसतात. अधिकृत केंद्राची वेळ घेऊन तिथंच जावं लागतं. बंपर बदलायचा असेल तर ती वेळ आधी ठरवा, बंपर मागून.

जुनी पट्टी भंगारात टाकायच्या आधी तिच्या पाठीवरच्या न मोडलेल्या क्लिपा काढून डबीत ठेवा. माझ्या डबीतल्या क्लिपा आता अर्ध्या गल्लीच्या गाड्यांत बसलेल्या आहेत.